व्हाइट-ब्लू, व्हाइट-ऑरेंज

बाराखडी पाठ व्हायच्या आधी मला केबलचे रंग पाठ झाले होते. व्हाइट-ब्लू, व्हाइट-ऑरेंज, व्हाइट-ग्रीन, व्हाइट-ब्राऊन, व्हाइट-स्लेट. मग रेड-ब्लू, रेड-ऑरेंज, असं करत ब्लॅक आणि यलोपर्यंत. चार रंगांना पाच रंग, वीस जोड्या. रात्री बाबा जेवायला बसले की मी समोर बसून हे म्हणायचे. एखादा रंग चुकला की ते घास हातात तसाच धरून थांबायचे. बरोबर रंग आला की घास तोंडात. आई म्हणायची, "अहो, पोरीला पाढे शिकवा." बाबा म्हणायचे, "हे पाढेच आहेत गं. हा पाढा चुकला तर एकाचा फोन दुसऱ्याच्या घरी वाजेल."

स्लेट म्हणजे कुठला रंग, हे मला कळेना. तेव्हा त्यांनी माझ्या दप्तरातली पाटी काढून दाखवली. "हा बघ. ओल्या फडक्यानं पुसल्यावर वाळताना दिसतो ना, तो."

बाबा एमटीएनएलमध्ये केबल जॉइंटर होते. कागदोपत्री हुद्दा 'केबल स्प्लायसर', पण बोलताना सगळे जॉइंटरच म्हणत. 1983 मध्ये ते रोजंदारीवर लागले तेव्हा कंपनी नव्हती, टेलिफोन खातं होतं. 1 एप्रिल 1986 पासून मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांसाठी महानगर टेलिफोन निगम अस्तित्वात आलं. बाबांच्या तोंडून मात्र 'खातं' शेवटपर्यंत गेलं नाही. 'खात्यात जाऊन येतो', 'खात्याचा माणूस', 'खात्याची केबल'. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी अजून तेच.

मुंबई-दिल्लीतल्या सेवेचा कारभार बीएसएनएलकडे सोपवल्याच्या बातम्या आल्या तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, 'पांढरा हत्ती गेला एकदाचा.' खाली दहा-बारा अंगठे. मी काहीच लिहिलं नाही. बाबाही त्या ग्रुपवर आहेत. त्यांनी तो संदेश वाचला असणार, त्यांना सगळे संदेश वाचायची सवय आहे. त्या दिवशी जे लिहायचं राहिलं ते आता लिहिते आहे.

*

मी नऊ-दहा वर्षांची असेन. जुलै महिना. बाबा आदल्या दिवशी सकाळी गेले ते रात्री आलेच नाहीत. परळला खोदकामात कुणाची तरी पहार खात्याच्या केबलला लागली होती आणि वरून पाऊस. आई दुसऱ्या दिवशी डबा आणि कोरडे कपडे घेऊन निघाली, मलाही घेतलं. रस्त्याच्या कडेला एक छोटा ताडपत्रीचा तंबू दिसला. आत एक खड्डा, खड्ड्यात बाबा, आणि बाबांच्या मांडीवर ती केबल.

केबल म्हटल्यावर मला वायर डोळ्यांसमोर होती. ही माझ्या मांडीएवढी जाड होती. वरून शिशाचं कवच, ते कापून बाजूला केलेलं, आणि आतून बाहेर आलेले हजारो तांब्याचे केस, प्रत्येकावर कागदाची बारीक पट्टी गुंडाळलेली. जुनी केबल ती, प्लास्टिकच्या आधीची. त्या कागदाला पाणी लागलं की संपलं. एक केबल 1200 जोड्यांची असेल तर 1200 घरं, दुकानं, दवाखाने मुके. म्हणून एक्स्चेंजमधून अशा केबलमध्ये कॉम्प्रेसर लावून कोरडी हवा भरून ठेवत. कुठे चीर पडली तरी हवा बाहेर जावी आणि पाणी आत येऊ नये. पण पहारीनं पडलेल्या भोकापुढे हवा किती पुरणार? बाबांचा मदतनीस उकळतं मेण पळीनं ओतत होता. त्या मेणाचा वास आणि ओल्या मातीचा वास. अजूनही देवळात खूप मेणबत्त्या लागल्या की माझ्यासमोर तो खड्डा येतो.

कागदी केबलमध्ये माझे पाठ केलेले रंग नव्हतेच. कुठली जोडी कुठल्या जोडीला लावायची ते ओळखायला पलीकडच्या टोकाला, एक्स्चेंजमध्ये, एक माणूस बसलेला. तो एकेका जोडीवर टोन सोडणार आणि बाबा कानाला फोन लावून हजारातून ती शोधणार. "बोल." "मिळाली." "पुढची." "बोल." "मिळाली." दोन तारा चिमटीत धरून पीळ, त्यावर कागदाची नळी, बाजूला सारली, पुढची. रात्रभर आणि दुसरा अख्खा दिवस हेच. मधेच कुणाच्या तरी फोनची रिंग त्या तारांतून येई आणि ओल्या बोटांना झटका बसे. बाबा हात झटकून हसत. "कुणाचा तरी चालू झाला."

त्यांनी मला खड्ड्याच्या काठावर बसवलं आणि कमरेचा टेस्टिंगचा फोन माझ्या कानाला लावला. त्याच्या दोन चिमट्यांत दोन केस पकडले. आणि त्या चिखलात, ताडपत्रीवर धो-धो पाऊस पडत असताना, कानात डायल टोन आला. स्वच्छ, एकसुरी, घरच्या फोनमध्ये येतो तसाच. "आला?" बाबांनी विचारलं. मी मान हलवली. आमच्या घरी तेव्हा फोन येऊन दोनच वर्षं झाली होती, आणि तो टोन कुठून येतो हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

*

लोकांचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं थांबलेली पिढी माझ्या आजूबाजूला आहे. 'ओन युअर टेलिफोन' योजनेत जास्तीची अनामत भरली तरी रांग असायची. पावसाळ्यात फोन बंद पडला की 198 वर तक्रार, मग वाट बघणं. दुसरा पर्यायच नव्हता, आणि जिथे पर्याय नसतो तिथे ग्राहकाला सहन करावं लागतं. ते त्यांनी केलं. मोबाईल आल्यावर त्यांनी पाठ फिरवली यात त्यांचा काहीच दोष नाही.

पण एक गोष्ट मला पटत नाही. 'या लोकांना बदलता आलं नाही' असं जे सहज म्हटलं जातं, ते. मी या लोकांना चार वेळा बदलताना पाहिलंय.

बाबा शिकले ते शिशाच्या कामावर. जॉइंटवर शिशाची नळी चढवून, कापडात चरबी घेऊन, वितळतं शिसं हातानं फिरवत गोल गुळगुळीत करायचं, कुंभार मडकं फिरवतो तसं. त्याला चांगला हात यायला वर्षं जात. मग जेली भरलेली प्लास्टिकची केबल आली, माझ्या रंगांची, आणि शिशाचं काम बंद. हातानं मिळवलेली कला एका फटक्यात निकामी. बाबा त्या जेलीला वैतागत, घरी येऊन रॉकेलनं हात धूत, पण महिन्याभरात शिकले. मग उष्णतेनं आवळणाऱ्या नळ्या आल्या. मग 2005 मध्ये त्याच तांब्याच्या तारेवर ट्राय बँड आलं, ब्रॉडबँड, आणि बोलण्यापुरता चालणारा जॉइंट इंटरनेटला चालेना. जरा गंज, जरा ओल असली की वेग पडे. चाळिशी ओलांडलेले जॉइंटर पुन्हा शिकले.

आमच्या शेजारच्या मावशी ट्रंक एक्स्चेंजला, म्हणजे परगावचे कॉल जोडायच्या ठिकाणी, ऑपरेटर होत्या. 180 वर कॉल बुक करायचा, मग त्या तो जोडून देणार. 'थ्री मिनिट्स ओव्हर' म्हणायचा त्यांचा आवाज आम्ही मुलं खेळताना काढायचो. एसटीडी आलं, गल्लीगल्लीत पिवळ्या पाट्यांचे बूथ आले, ट्रंक कॉल संपले. मावशींना 197 वर टाकलं, नंबर विचारणाऱ्यांना नंबर सांगायला. तिथूनही पुढे काउंटरवर, बिलं घ्यायला. आवाजाची नोकरी गेली, आकड्यांची आली, मग नोटा मोजायची आली. त्या प्रत्येक वेळी रडल्या आणि प्रत्येक वेळी आठ-पंधरा दिवसांत रुळल्या. जुनी यांत्रिक एक्स्चेंज गेली तेव्हाही तसंच. ज्या हॉलमध्ये दिवसभर गिरणीसारखा खडखडाट असे तिथे कोपऱ्यात कपाटांएवढी इलेक्ट्रॉनिक यंत्रं बसली. माणसं मात्र सगळी कुठे ना कुठे सामावली.

कशी सामावली? कारण तेव्हा काम वाढत होतं. जुनं जात होतं त्याच्या दुप्पट नवं येत होतं. बदलणं तेव्हा शक्य होतं, कारण बदलून जायला जागा होती. पुढे जे झालं त्यात बाबा बदलायला तयारच होते. कशात बदलायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं.

*

बाकीचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो कागदावर आहे, कुणालाही वाचता येतो. 1997 मध्ये निगमला नवरत्न, म्हणजे निवडक सरकारी कंपन्यांचा, दर्जा मिळाला. 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नाव लागलं. त्याच वर्षी डॉल्फिन आणि ट्रम्प ही मोबाईल सेवा आली. पण खासगी मोबाईल कंपन्यांना मुंबईत येऊन तोवर पाच-सहा वर्षं झाली होती, आणि निगमला मुंबई-दिल्लीच्या बाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती. दुसऱ्या कंपन्या देशभर पसरत होत्या आणि हे दोन शहरांच्या कुंपणात. 2003 पासून इनकमिंग फुकट झालं. त्यानंतर घरचा फोन ठेवायचं मोठं कारणच उरलं नाही.

मग 2010. 3जीचा लिलाव झाला, त्यात खासगी कंपन्यांनी जी बोली लावली तीच किंमत सरकारी कंपनीनं भरायची असं ठरलं. 3जी आणि ब्रॉडबँड वायरलेसचा स्पेक्ट्रम मिळून सुमारे 11,000 कोटी रुपये. ज्या कंपनीचे ग्राहक दर महिन्याला कमी होत होते तिच्यावर कर्ज चढलं, आणि मग व्याजासाठी कर्ज. पुढे जेव्हा उत्पन्नातले सुमारे 87 टक्के पगारावर जातात असा आकडा संसदेत आला, तेव्हा सगळ्यांनी पगाराकडे बोट दाखवलं. पगार फुगले म्हणून टक्का वाढला की उत्पन्न आटलं म्हणून, हे फारसं कुणी विचारलं नाही. मला वाटतं तो प्रश्न विचारायला हवा होता. बाबांचा पगार त्यांच्या घामाच्या मानानं कधीच जास्त नव्हता. घाम गाळायचं काम कमी झालं, त्याला ते काय करणार?

*

पन्नाशीनंतर बाबांचे गुडघे गेले. खड्ड्यात उतरता येईना म्हणून त्यांना एमडीएफवर घेतलं. मेन डिस्ट्रिब्युशन फ्रेम. ज्यांनी एक्स्चेंज आतून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. लांबच लांब लोखंडी मांडणी, एका बाजूला रस्त्याखालून आलेल्या केबलच्या जोड्या, दुसऱ्या बाजूला एक्स्चेंजचे नंबर. ज्या घराला जो नंबर द्यायचा त्या दोन टोकांमध्ये एक पातळ जोडतार ओढायची, तिला जम्पर म्हणतात. नवा फोन म्हणजे नवा जम्पर. भरभराटीच्या काळात पोरं शिड्यांवर चढून दिवसभर जम्पर ओढत. मांडणी त्या तारांनी जावळासारखी भरलेली असे.

बाबांच्या वाट्याला जम्पर काढायचं काम आलं. फोन बंद झाला की यादी येणार, नंबर शोधायचा, दोन्ही टोकं सोडवायची, तार ओढून काढायची.

2017 मध्ये एकदा मी त्यांना आधार कार्डाची झेरॉक्स द्यायला गेले होते. दुपारची वेळ. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये दोन ट्यूबलाइट चालू. मांडणीचे बरेचसे उभे पट्टे रिकामे, नुसते दात दिसत होते. बाबा स्टुलावर बसून काढलेल्या तारा हाताच्या पंज्यावर आठच्या आकड्यात गुंडाळत होते, आई लोकर गुंडाळायची तशा. गुंडाळून झाली की बाजूच्या गोणपाटात. "फेकून का देत नाही?" मी विचारलं. "तांबं आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आणि गुंता बरा दिसत नाही."

त्यांनी मला मांडणीवर एक जागा दाखवली. एका बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्याचा नंबर. त्या बाईंकडे मीही लहानपणी जायचे. "हा चालू आहे अजून." मग दुसरी. एका आजोबांचा फोन, मुलगा अमेरिकेत, मोबाईल हातात धरता येत नाही, दर रविवारी त्यांना घरच्या फोनवर कॉल येतो. बाबा शनिवारी त्या जोडीची टेस्ट घेऊन ठेवत. कुणी सांगितलं नव्हतं. "रविवारी बंद सापडला तर सोमवारपर्यंत कोण बघणार?"

त्या वर्षांत बाबा घरी येत ते दमून. खड्ड्यातून येत त्यापेक्षा जास्त दमून. आईला हे कळेना. दिवसभर पंख्याखाली बसलेला माणूस इतका का थकतो? डबा अर्धा परत यायला लागला. "आज काय काम होतं?" असं आई आधी रोज विचारायची, मग विचारेनाशी झाली. लग्नाकार्यात कुणीतरी पाठीवर थाप मारून म्हणायचं, "तुमचं बरं आहे राव, बसून पगार." बाबा काही बोलत नसत. ताटातला मठ्ठा प्यायचे आणि उठायचे.

मला त्यांचं ते थकणं कळलं, कारण तोवर मीही एक कंपनी बुडताना आतून बघितली होती. बी.कॉम. झाल्यावर मी एका खासगी मोबाईल कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये लागले. कुठली, ते महत्त्वाचं नाही, आता ती नाहीच. बाबांच्या खात्याचे ग्राहक पळवणाऱ्यांपैकी एक, असं आई गमतीनं म्हणायची. 2 फेब्रुवारी 2012 ला सर्वोच्च न्यायालयानं 2जीचे 122 परवाने रद्द केले. त्या निकालानंतर ज्या कंपन्यांनी गाशा गुंडाळला त्यात आमची होती. शेवटचा महिना आम्ही काय करत होतो? लोक फोन करून विचारत, "माझा नंबर राहील ना?" आणि आम्ही छापील कागद बघून सांगायचो की पोर्ट करा, 1900 वर असा मेसेज पाठवा, दुसऱ्या कंपनीच्या दुकानात जा. आठ-आठ तास आम्ही लोकांना आपल्यातून बाहेर पडायची वाट दाखवत होतो. एका बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आणि तू गं? तू कुठे जाणार?" त्या कागदावर याचं उत्तर नव्हतं. मी हेडसेट काढून बाथरूममध्ये जाऊन रडले.

माझं ते दुःख महिन्याभराचं. मी बावीस वर्षांची होते, दुसरी नोकरी मिळाली. बाबांचं ते आठ-नऊ वर्षं चाललं, आणि ज्या वयात माणसाला वाटतं की आता आपल्याला काहीतरी येतं, नेमकं त्या वयात. पगाराची चिंता होतीच. 2019 च्या मार्चमध्ये बीएसएनएलच्या पावणेदोन लाख कर्मचाऱ्यांचा फेब्रुवारीचा पगार रखडल्याची बातमी टीव्हीवर आली, तेव्हा आईनं देव्हाऱ्यासमोर हात जोडलेले मला आठवतात. पण बाबांना आतून पोखरत होतं ते वेगळंच. लालबागपासून शिवडीपर्यंत कुठल्या रस्त्याखाली किती फुटांवर कुठला जॉइंट आहे, कुठल्या वर्षीचा, कुणाच्या हातचा, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. आणि ते कुणी विचारायला येत नव्हतं. ज्याच्याकडे विद्या आहे आणि विचारणारा नाही, त्या माणसाला रोज सकाळी डबा घेऊन वेळेवर हजर राहावं लागतं, हे फार अवघड आहे. त्याला 'बसून पगार' म्हणणाऱ्यांनी एक वर्ष तसं बसून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

*

23 ऑक्टोबर 2019 ला मंत्रिमंडळानं स्वेच्छानिवृत्ती योजनेला मंजुरी दिली. वय 50 आणि पुढे. झालेल्या प्रत्येक वर्षासाठी 35 दिवसांचा पगार, उरलेल्या प्रत्येक वर्षासाठी 25 दिवसांचा. 4 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर, एवढी मुदत. बाबा सत्तावन्न वर्षांचे होते.

महिनाभर आमच्या घरी रोज रात्री हिशेब. वहीची पानं भरली. लोक म्हणत, निवृत्तीचं वय 58 वर आणणार, घेऊन टाका. कुणी म्हणत, थांबा, बीएसएनएलमध्ये विलीनीकरण होईल, चांगले दिवस येतील. डोंबिवलीहून परळला रोज एकत्र येणारे चौघे होते, चौघांनी गाडीत ठरवलं की एक गेला तर सगळे जायचे. शेवटी अर्ज भरायचा तो ऑनलाइन, म्हणून माझ्याकडे आले. मी लॅपटॉप उघडला. नाव, कर्मचारी क्रमांक, रुजू झाल्याची तारीख. ओटीपी त्यांच्या मोबाईलवर आला, खात्याच्याच सिमवर. त्यांनी एकेक आकडा सावकाश वाचला, फोनवर जोडीचा नंबर सांगत तसा. मी शेवटचं बटण दाबायच्या आधी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "तू दाब." मी दाबलं. आईनं चहा टाकला.

31 जानेवारी 2020, शुक्रवार. त्या एका दिवशी एमटीएनएलमधून 14,000 हून अधिक आणि बीएसएनएल धरून 92,000 हून अधिक माणसं घरी आली. एवढी माणसं एका दिवशी निवृत्त होतात तेव्हा निरोप समारंभ कोण कुणाचा करणार? जाणारेच हार घालत होते, जाणारेच पेढे वाटत होते. बाबांनी अवजारांची पिशवी जमा केली, पण त्याआधी प्रत्येक पक्कड तेलाच्या बोळ्यानं पुसली. हे मी बघितलं, कारण आदल्या रात्री ती पिशवी त्यांनी घरी आणली होती. टेस्टिंगचा फोन पुसायला सगळ्यात जास्त वेळ लावला.

एक वही मात्र जमा केली नाही, कारण ती खात्याची नव्हती, त्यांची स्वतःची होती. लाल बाइंडिंगची, पाण्यानं फुगलेली. तिच्यात हातानं काढलेले रस्ते. कुठे 'वडाच्या झाडापासून 11 पावलं', कुठे 'इराण्याच्या पायरीखाली'. ते झाड आता नाही, इराणीही नाही. वही आहे.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली. एप्रिलच्या कुठल्याशा दुपारी त्यांचा फोन वाजला. कंत्राटदाराकडचा एक मुलगा, कुणाकडून तरी नंबर मिळवलेला. "काका, इथे एका हॉस्पिटलची लाइन गेलीय. पिलरपासून पुढे मला समजत नाहीये." पिलर म्हणजे रस्त्याच्या कडेची केबलची पेटी. बाबांनी वही आणली. चष्मा लावला. अर्धा तास त्यांनी त्या मुलाला फोनवरून चालवलं. "डावीकडे बघ. गटाराचं झाकण दिसतं? त्याच्या अलीकडे. नाही, खोदू नको, हातानं माती सार. आला? आता रंग सांग." पलीकडून तो रंग सांगत होता आणि बाबा डोळे मिटून माना हलवत होते. मी दारात उभी होते. कित्येक वर्षांत त्यांचा तसा आवाज मी ऐकला नव्हता. त्या दिवशी त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, आणि आईनं ते मला मुद्दाम खुणेनं दाखवलं.

असे फोन वर्षभर येत राहिले. मग कमी होत गेले. मग थांबले.

*

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीत फायबर आलं. जिन्यात डबा बसवायला एक मुलगा आला, वीस-एकवीस वर्षांचा. बाबा दार उघडून उभे. थोड्या वेळानं खुर्ची घेऊन बसले. थोड्या वेळानं मुलाला पाणी दिलं.

त्यानं काळ्या केबलचं साल काढलं, आतली नळी कापली, त्यातून केसांसारखे बारीक रंगीत धागे निघाले. एक धागा सोलला, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला, एका छोट्या यंत्रावर टक् करून कापला. मग दोन टोकं दुसऱ्या यंत्रात ठेवून झाकण लावलं. छोट्या पडद्यावर दोन जाड काठ्या एकमेकींजवळ सरकताना दिसल्या, मध्ये क्षणभर उजेड झाला आणि एक काठी झाली. बाबा खुर्चीवरून पुढे वाकले होते. "झालं?" "झालं काका." "एवढंच?" "एवढंच." बाबा बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बघू?" मुलानं यंत्र त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं.

मुलगा नवखा होता. पुढचे धागे डब्यात ओळीनं लावायचे होते. तो पुटपुटत होता, "ब्लू, ऑरेंज, ग्रीन, ब्राऊन..." पुढे अडला. खिशातून मोबाईल काढून कुठलासा फोटो शोधायला लागला. रेंज नव्हती.

"स्लेट," बाबा म्हणाले.

मुलानं वर बघितलं.

"स्लेट. मग व्हाइट, रेड, ब्लॅक, यलो. तेच रंग आहेत रे." त्यांनी यंत्र हलक्या हातानं खाली ठेवलं, खुर्ची डब्याजवळ ओढली आणि मला हाक मारली, "माझा चष्मा आण गं."